फॅक्टरी-रिफर्बिश्ड पिस्तूल वारंवार अडकतंय? आधी पुंगळी कुठे थांबली ते बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेलं, वापरलेलं ९×१९ मिमीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. स्लाइडवर (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) नवं काळं फिनिश, ट्रिगर स्वच्छ, डब्यात तपासणीची चिठ्ठी. रेंजवर पहिल्या पन्नास फैरींत ते दोन-तीनदा अडकतं. घरी आणून साफ केलं की पुढच्या खेपेला जरा बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे. मालक रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी) बदलतो, दुसरी काडतुसं आणतो, तेल वाढवतो, आणि हे सगळं एकाच आठवड्यात करतो. त्यामुळे अडकणं थांबलं तरी बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो परत डोकं वर काढतो.

कारखाना पिस्तूल दुरुस्त करतो, मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) क्वचितच. पोलीस किंवा सुरक्षा दलांकडून परत आलेली पिस्तुलं कारखान्यात खोलली जातात, धुतली जातात, गेजने मोजली जातात. झिजलेल्या स्प्रिंगा आणि पिना बदलतात, गरज असेल तर फिनिश नव्याने चढवतात आणि काही फैरी झाडून बघतात. ती चाचणी कारखान्यातल्या चांगल्या मॅगझिनने आणि ठरलेल्या काडतुसाने होते. तुमच्या डब्यात येणारं मॅगझिन मात्र वीस वर्षं कुणाच्या तरी पट्ट्यावर भरलेल्या अवस्थेत राहिलेलं असू शकतं. म्हणून शोधाची सुरुवात मॅगझिनपासून करायची, स्लाइडपासून नाही.

हात लावण्याआधी

मॅगझिन बाहेर. स्लाइड दोनदा पूर्ण मागे. मग स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून खात्री करायची. हा क्रम बदलायचा नाही. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर ती पुढे येताना चेंबरमध्ये नवं काडतूस सरकवते, आणि तेवढ्यावर पिस्तूल रिकामं आहे असा समज होतो. खरी काडतुसं त्या खोलीत नकोत. खाली सांगितलेल्या घरच्या सगळ्या चाचण्या डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनी करायच्या.

रेंजवरच्या दोन प्रसंगांत घाई जिवावर बेतते. ट्रिगर दाबला, फक्त "खट्" झालं आणि फैर झाली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं. दारू उशिरा पेटू शकते. दुसरा प्रसंग त्याहून वाईट. आवाज नेहमीपेक्षा बारीक, "फट्" असा आला आणि धक्का जाणवलाच नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी सवयीने मॅगझिनला थाप मारून स्लाइड ओढायची नाही. पुढची फैर अडकलेल्या गोळीवर आदळली की नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करायचं, नळी काढायची आणि आरपार उजेड दिसतो का ते बघायचं.

घेतानाच टाळता येणारे घोटाळे

आधी स्लाइड आणि नळीवरचा कॅलिबरचा शिक्का वाचा. "९ मिमी" एवढं पुरेसं नाही. ९×१९, ९×१८ माकारोव्ह आणि ९×१७ म्हणजेच .३८० ही तीन वेगळी काडतुसं आहेत. ९×१९ ची गोळी सुमारे ९.०१ ते ९.०३ मिमी व्यासाची, तर माकारोव्हची साधारण ९.२७ मिमी. नळी बदललेली असेल तर स्लाइडवरचा आणि नळीवरचा शिक्का वेगळा असू शकतो. त्यात खरं बोलतो तो नळीचा.

विकणाऱ्याला एकच प्रश्न नेमका विचारा: कोणकोणते भाग बदलले? "सर्व्हिस केलंय" हे उत्तर नव्हे. रिकॉइल स्प्रिंग, फायरिंग पिनची (काडतुसाच्या तळाला ठोकणारी पिन) स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर ओढणारा आकडा) व त्याची स्प्रिंग, रोल पिना (गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ पिना) आणि मॅगझिन स्प्रिंग या पाच गोष्टींची हो-नाही यादी मिळाली तर पुढचं निदान अर्ध्या वेळात होतं. जुन्या पश्चिम जर्मन बनावटीच्या सिग-सावर पी२२६ ची स्लाइड दाबकाम केलेल्या पोलादी पत्र्याची असते, तिच्यातला ब्रीच ब्लॉक (काडतुसाला मागून टेकणारा ठोकळा) वेगळा असतो आणि रोल पिनांनी धरलेला असतो. तिथे पिना नव्या हव्यातच. बेरेटा ९२ मालिकेत नळीखालचा लॉकिंग ब्लॉक (फैरीच्या क्षणी नळी आणि स्लाइड जखडणारा भाग) भिंगाने बघा. त्याचे दोन पंख जिथे मुळाशी जुळतात तिथे केसासारखी चीर दिसली तर तो भाग बाद.

फिनिश चकचकीत आहे म्हणजे पिस्तूल कमी वापरलेलं, असा अर्थ काढू नका. होल्स्टरमुळे कडांचा रंग उडालेलं, आतून धडधाकट पिस्तूल हे नव्या फिनिशखाली गंजाचे खड्डे लपवणाऱ्या पिस्तुलापेक्षा कितीतरी चांगलं. शिक्क्यांची अक्षरं उथळ आणि कडा गोलसर दिसत असतील तर फिनिश देण्याआधी बरंच घासलेलं आहे. नळीतून उजेडाकडे बघताना आत गोल सावलीसारखी कडी दिसली तर ती फुगवटीची खूण समजा आणि व्यवहार तिथेच सोडा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर रेलचा (स्लाइड जिच्यावर सरकते ती पट्टी) रंग उडणं नैसर्गिक आहे. नखाला अडणारी खाच मात्र नैसर्गिक नाही.

रात्री चमकणाऱ्या ट्रिटियमच्या साइट्स असतील तर त्यांचं वय विचारा. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १२.३ वर्षं. पंचवीस वर्षांच्या साइटमध्ये चौथाईच उरलेला असतो. तो काही बिघाड नव्हे, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचंही कारण नाही.

पहिली सफाई: साठवणुकीचं ग्रीस

रेंजवर नेण्याआधी पूर्ण सफाई झालीच पाहिजे, कारखान्याने कितीही स्वच्छ पाठवलं असलं तरी. गोदामात ठेवताना लावलेलं गंजरोधक तेल किंवा ग्रीस घट्ट होतं, आणि ते नेमकं जिथे नको तिथे साचतं: फायरिंग पिनच्या बोगद्यात आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खाली. फिनिश चढवण्यापूर्वी बारीक मण्यांचा किंवा रेतीचा मारा केलेला असेल तर ते कण एक्स्ट्रॅक्टरच्या खोबणीत अडकून राहू शकतात. बाहेरून बघून हे कळणार नाही.

नळी नेहमी चेंबरच्या बाजूने साफ करा. सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ब्राँझचा ब्रश, मग कोरडी चिंधी. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा लाकडी टूथपिकने कोरा. स्लाइड उलटी धरून फायरिंग पिनच्या भोकात सॉल्व्हंटचे दोन थेंब सोडा आणि कागदावर टेकवून ठेवा. कागदावर तपकिरी डाग उमटला तर आत ग्रीस आहे आणि स्लाइड पूर्ण खोलावी लागेल. ते काम आर्मररकडून, म्हणजे शस्त्रांच्या कारागिराकडून, करून घेतलेलं बरं. त्यातली छोटी स्प्रिंग उडून हरवली की पिस्तूल महिनाभर कपाटात पडून राहतं.

तेल मोजकंच. दोन्ही रेलवर एकेक थेंब, नळीच्या तोंडाजवळ बाहेरून एक, नळीच्या वरच्या चौकोनी हूडवर एक, आणि नळी जिथे खाली झुकते त्या लॉकिंगच्या जागी एक. चेंबर, मॅगझिनचा आतला भाग आणि फायरिंग पिनचा बोगदा पूर्ण कोरडे. मॅगझिनमध्ये तेल घातलं की जळालेल्या दारूची भुकटी त्यात कालवली जाते आणि फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा) अडकायला लागतो.

चाचणी कशी घ्यायची

साधं, गोलाकार नाकाचं, कारखान्यात बनलेलं काडतूस घ्या. गोळी ११५ किंवा १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण ७.४५ किंवा ८.०४ ग्रॅम. घरी किंवा क्लबात पुन्हा भरलेली काडतुसं या टप्प्यावर नकोत, +पी (जास्त दाबाची) सुद्धा नको. सामी या अमेरिकन मानक संस्थेच्या मानकानुसार साध्या ९ मिमीची कमाल सरासरी दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि +पी ची ३८,५०० आहे. जोरकस काडतूस स्लाइडला जास्त वेगाने मागे ढकलतं आणि घाण किंवा जास्त कडक स्प्रिंग झाकून टाकतं. आपल्याला तर दोष उघडा पाडायचा आहे.

प्रत्येक मॅगझिनच्या तळाला पक्क्या मार्करने क्रमांक घाला. वहीत पाच गोष्टी टिपा: मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचा प्रकार, मॅगझिनमधली कितवी फैर, स्लाइड कुठे थांबली, पुंगळी कुठे होती. प्रत्येक मॅगझिनमधून किमान ५० फैरी. अडकलं की लगेच मोकळं करू नका. बोट ट्रिगरवरून काढा, नळी लक्ष्याकडेच ठेवा आणि आधी नीट बघा. पहिल्या दोन सेकंदांत जे दिसतं ते नंतर आठवून सांगता येत नाही.

"कितवी फैर" या रकान्याकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात, आणि तोच सर्वात जास्त सांगतो. अडकणं पूर्ण भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्याच काडतुसावर होत असेल तर वर दाबणारा जोर जास्त आहे, किंवा स्लाइडला तो पेलत नाहीये. शेवटच्या एक-दोन काडतुसांवर होत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकलेली आहे. ठरावीक जागा नसेल, पण ठरावीक मॅगझिन असेल, तर दोष लिप्सचा, म्हणजे मॅगझिनच्या तोंडाच्या वळलेल्या कडांचा. मॅगझिन कुठलंही, फैर कुठलीही असेल, तर एक्स्ट्रॅक्टर, काडतूस किंवा पकड.

नवं फिनिश बसायला वेळ लागतो हे खरं आहे. फवारून भट्टीत पक्कं केलेलं फिनिश साधारण ०.०२५ मिमी जाडीचा थर चढवतं. तो थर रेलवर आणि नळीवर दोन्हीकडे आला की जागा आवळते. खरखरीत फॉस्फेट फिनिशही सुरुवातीला कडक चालतं. अशा पिस्तुलाला पहिल्या २०० फैरींची सवलत द्यावी. पण सवलतीलाही अट आहे: अडकण्याचं प्रमाण दर पन्नास फैरींना कमी होत गेलं पाहिजे. पहिल्या पन्नासात तीनदा आणि चौथ्या पन्नासातही तीनदा, तर "बसेल हळूहळू" म्हणत काडतुसं जाळण्यात अर्थ नाही.

काडतुसाचं नाक रॅम्पवर अडकलं

स्लाइड अर्ध्यावर थांबलेली आणि काडतुसाचं नाक नळीच्या मागच्या उतारावर टेकलेलं. पाहिल्याबरोबर बहुतेकांचा हात रॅम्प पॉलिश करायला शिवशिवतो. तो आवरा. रॅम्पचा कोन बदलला किंवा चेंबरची खालची कड घासून पुढे सरकली की पुंगळीच्या तळाकडचा काही भाग आधाराविना उघडा राहतो, तिथून पुंगळी फाटू शकते, आणि मग नळी बदलण्याशिवाय इलाज उरत नाही.

नाक खाली झुकून अडकतं तेव्हा नव्वद टक्के संशय मॅगझिनवर घ्यावा. तोंडाच्या दोन वळलेल्या कडा, म्हणजे लिप्स, जरी थोड्या फाकल्या तरी काडतूस लवकर सुटतं आणि कोन बिघडतो. त्याच मॉडेलचं नवं मॅगझिन शेजारी ठेवून कॅलिपरने पुढे आणि मागे, दोन जागी माप घ्या. फाकलेल्या लिप्स पक्कडीने वाकवून काही दिवस चालतात, पण पोलाद पुन्हा आपल्या जागी जातं. असं मॅगझिन बाद करा.

स्प्रिंग उलटी बसलेली असणं हे फार सापडणारं आणि फुकटात सुटणारं कारण आहे. मॅगझिन साफ करताना स्प्रिंग उलटसुलट जोडली की फॉलोअरचं नाक वर राहण्याऐवजी खाली पडतं. रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअरचा पुढचा भाग बोटाने दाबा. तो सपाट उभा राहिला पाहिजे, तोंडघशी पडता कामा नये.

मॅगझिन पुरेसं वर बसतंय का, हेही बघा. रिकामं मॅगझिन आत घालून तळावर खालून अंगठ्याने दाबा. ते ठळकपणे वर-खाली हलत असेल तर मॅगझिन धरणारा खटका किंवा मॅगझिनवरची त्याची खाच झिजली आहे. अशा पिस्तुलात स्लाइड कधीकधी काडतुसाच्या तळाला पकडण्याऐवजी त्याच्या अंगावरून घसरते आणि पितळेवर लांबट ओरखडा उमटतो. इथे चुकीच्या पिढीचं मॅगझिनही कारण असतं. बेरेटा ९२एस ला मॅगझिनचा खटका मुठीच्या खालच्या टोकाशी असतो, ९२एफएस ला ट्रिगर गार्डच्या मागे. दोन्हींचं मॅगझिन आत जातं, पण खाच त्याच जागी असेलच असं नाही.

काडतुसाचा आकारही बघावाच. जुनी पोलिसी पिस्तुलं गोल नाकाच्या पूर्ण आवरणाच्या गोळीसाठी घडवलेली असतात. जर्मन पोलिसांचं पी६, म्हणजे सिग-सावर पी२२५ ची त्यांच्यासाठीची आवृत्ती, रुंद तोंडाच्या हॉलो पॉइंटवर (नाकात खळगा असलेली गोळी) अडखळू शकतं असा अनेकांचा अनुभव आहे. तिथे पिस्तुलात बिघाड काही नाही, गोळी बदला.

स्लाइड शेवटच्या दोन-तीन मिलीमीटरवर थांबते

काडतूस चेंबरमध्ये गेलंय, पण स्लाइड पूर्ण मिटत नाही. मागून अंगठ्याने दाबलं की मिटते. रिफर्बिश्ड पिस्तुलांत हा बिघाड सर्वात जास्त चकवतो, कारण पाच वेगवेगळी कारणं एकसारखीच दिसतात. अंगठ्याने ढकलून पुढे झाडत राहणं धोक्याचं आहे. काडतूस नीट बसलं नसताना जोर लावून मिटवणं ही सवय नकोच.

पहिली चाचणी नळीची. पिस्तूल खोलून नळी हातात घ्या, तोंड खाली करा, आणि रेंजवर सुरक्षित जागी त्यात ज्या काडतुसांनी त्रास दिला तीच एकेक करून टाका. काडतूस "टक्" आवाज करत पूर्ण बसलं पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. बसत नसेल तर कॅलिपर काढा. ९×१९ ची पूर्ण लांबी २९.६९ मिमीपेक्षा जास्त नको, पुंगळीची लांबी १९.१५ मिमीपेक्षा जास्त नको. लांबी बरोबर असूनही फिरत नसेल तर गोळीचा खांदा नळीच्या चक्रीखाचांना टेकतोय. काही काडतुसं बसतात आणि काही नाहीत, तर दोष काडतुसांचा. सगळीच अडतात, तर चेंबरमध्ये काजळीची कडी किंवा शिशाचा थर आहे. शिशाच्या उघड्या गोळ्यांनी हे लवकर होतं, आणि ग्लॉकसारख्या बहुकोनी खाचांच्या नळीत तर त्या वापरूच नयेत.

दुसरी चाचणी रिकॉइल स्प्रिंगची. रिकामं पिस्तूल, नळी सरळ वर. स्लाइड पूर्ण मागे ओढून हाताने धरतच हळूहळू पुढे सोडा. ती शेवटपर्यंत आपल्या जोरावर मिटली पाहिजे. ग्लॉकसारख्या स्ट्रायकरच्या (हॅमरऐवजी आतल्या स्प्रिंगच्या दांड्याने ठोकणाऱ्या) पिस्तुलात ही चाचणी ट्रिगर दाबून धरून करायची, नाहीतर स्ट्रायकरची स्प्रिंग उलटा जोर लावते आणि चांगली रिकॉइल स्प्रिंगही नापास होते. शेवटच्या टप्प्यात थांबली तर स्प्रिंग बदला. ९ मिमीच्या सर्व्हिस पिस्तुलात ती साधारण ३,००० ते ५,००० फैरींनी बदलतात. वापरलेल्या पिस्तुलाने आधी किती फैरी झाडल्या ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून कारखान्याने बदलल्याचा पुरावा नसेल तर स्वतः नवी घाला आणि मोजणी शून्यापासून सुरू करा.

"जरा कडक स्प्रिंग घातली तर नीट मिटेल" हा सल्ला ऐकू नका. जितकी ताकद लिहिली आहे तितकीच घ्या. १९११ च्या पाच इंची .४५ ला १६ पाउंडची, बाकीच्यांना त्यांच्या कारखान्याची. कडक स्प्रिंगमुळे स्लाइड पूर्ण मागे जात नाही, आणि पुढे इतक्या वेगाने येते की मॅगझिनला पुढचं काडतूस वर उचलायला वेळच मिळत नाही. एक दोष झाकायला गेलात की दोन नवे तयार होतात.

या दोन्ही चाचण्या पास झाल्या तर एक्स्ट्रॅक्टर जास्त आवळलेला आहे, किंवा नव्या फिनिशमुळे हूड स्लाइडला घासतोय. हूडवर मार्करची काळी रेघ ओढा, स्लाइड वीस वेळा चालवा. जिथे रेघ पुसली तिथे घासतंय. तिथे एक थेंब तेल आणि शंभर फैरी. फाइल नाही.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली, किंवा खिडकीत उभी राहिली

हे दोन बिघाड एकाच नावाने सांगितले जातात आणि तिथेच निदान चुकतं.

पुंगळी चेंबरमध्येच आहे आणि मागून नवं काडतूस तिला ढोसतंय, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरने ती ओढलीच नाही. आधी मॅगझिन जोर लावून काढा, मग स्लाइड दोन-तीनदा चालवून मोकळं करा, आणि ती पुंगळी जपून ठेवा. तिच्या तळाच्या कडेवर आकड्याने धातू खरवडल्याची खूण असेल तर आकडा धरत होता पण पुंगळी चिकटली होती: चेंबर खरखरीत किंवा घाण आहे. कड स्वच्छ असेल तर आकडा घसरला: टोक तुटलंय, खाली घाण आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. स्लाइड काढून ब्रीचवर डमी काडतूस आकड्याखाली सरकवा आणि स्लाइड हळूच हलवा. काडतूस लटकून राहिलं पाहिजे. पडलं तर आधी आकड्याखाली साफ करा, पुन्हा बघा, आणि तरीही पडलं तरच नवा एक्स्ट्रॅक्टर व स्प्रिंग जोडीने घाला.

पुंगळी स्लाइडच्या खिडकीत (पुंगळी बाहेर पडते ती फट) धुराड्यासारखी उभी राहिली तर ती ओढली गेली होती, फक्त फेकली गेली नाही. याचं सर्वात मोठं कारण स्लाइड पूर्ण मागे न जाणं. दुबळं काडतूस, जास्त कडक स्प्रिंग, कोरड्या रेल, आणि ढिली पकड. मनगट लवचिक ठेवलं की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते आणि धक्क्याचा जोर वाया जातो. हलक्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलांत हे जास्त दिसतं. तपासणी सोपी: तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तीच काडतुसं एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याकडून शंभर फैरी सुरळीत गेल्या तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि पकडीवर काम करा. यात कमीपणा काही नाही; या एका बदलाने बऱ्याच पिस्तुलांची अडचण संपते.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. उजवीकडे थोडं मागे, दीड-दोन मीटरवर एकाच ठिकाणी ढीग पडत असेल तर सगळं ठीक. काही पायाशी, काही डोक्यावरून, तर एक्स्ट्रॅक्टरचा ताण सारखा नाही.

"खट्" झालं, फैर नाही

प्रायमरवरचा (काडतुसाच्या तळातली, दारू पेटवणारी टिकली) खळगा बघा. खळगा खोल आणि मध्यभागी असेल तर काडतूस वाईट. उथळ आणि मध्यभागी असेल तर मार कमी पडतोय: बोगद्यात ग्रीस, थकलेली किंवा ट्रिगर हलका करण्यासाठी कुणीतरी बदललेली हॅमर स्प्रिंग. मध्यापासून सरकलेला असेल तर स्लाइड पूर्ण मिटली नव्हती. वरचा भाग पुन्हा वाचा. सर्वसाधारणपणे सीसीआय कंपनीचे प्रायमर कडक आणि फेडरलचे मऊ मानले जातात. मऊवर चालतं आणि कडकवर नाही, तर दोष पिस्तुलाचाच आहे. काडतूस बदलून तो मिटवू नका.

घरची चाचणी: खात्रीने रिकाम्या पिस्तुलाची नळी वर करा, आत साधी लाकडी पेन्सिल खोडरबराच्या टोकाने सोडा, ट्रिगर दाबा. पेन्सिल नळीतून स्पष्ट उडून बाहेर आली पाहिजे. नुसती हलली तर बोगदा साफ करायची वेळ झाली आहे.

स्लाइड शेवटच्या फैरीनंतर उघडी राहत नाही

रिकामं मॅगझिन घालून हाताने दहा वेळा स्लाइड ओढा. दहाही वेळा अडकली तर पिस्तूल बरोबर आहे आणि तुमचा अंगठा चुकीच्या जागी आहे. सिगच्या जुन्या पी-मालिकेत स्लाइड स्टॉपचा लिव्हर मुठीवर बराच मागे असतो, आणि दोन्ही अंगठे पुढे ठेवणाऱ्या पकडीत अंगठा त्यावरच विसावतो. दहापैकी दोन-तीनदा चुकली तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा फॉलोअरची कड.

नेम एका बाजूला जातो

हे अडकणं नव्हे, पण साइट्स काढून पुन्हा बसवलेल्या पिस्तुलात हमखास विचारलं जातं. टेकू देऊन, दोन जणांनी झाडून बघितल्याशिवाय साइट हलवू नका. मग हिशोब असा: गोळी जितकी चुकली ते अंतर, गुणिले दोन साइट्समधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. १५ मीटरवर ७५ मिमी चुकत असेल आणि साइट्समध्ये १६० मिमी असेल तर ०.८ मिमी. मागची साइट तिकडे सरकवा जिकडे गोळी न्यायची आहे.

कारखान्याकडे परत पाठवताना

नवं मॅगझिन, नवी रिकॉइल स्प्रिंग, दोन प्रकारची कारखान्यात भरलेली काडतुसं, दोन वेगळे नेमबाज, आणि तरीही बिघाड त्याच जागी. मग वॉरंटी वापरा, आणि स्वतः एकही भाग घासायच्या आत वापरा. फाइलचा ओरखडा दिसला की जबाबदारी तुमच्यावर येते. पिस्तुलासोबत ज्या मॅगझिनने त्रास दिला तीच पाठवा. चांगलं मॅगझिन घरी ठेवून त्रास देणारं दडवलं तर कारखान्यात पिस्तूल ठणठणीत चालेल आणि तसंच परत येईल. वहीच्या पानाची प्रत, अडकलेल्या अवस्थेचे दोन फोटो, त्रास दिलेल्या चार-पाच पुंगळ्या क्रमांक घातलेल्या पिशवीत. काडतुसं पार्सलमध्ये घालू नका, आणि पाठवण्याचे परवान्याचे नियम आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

परत आल्यावर पहिल्यासारखीच वही उघडा. प्रत्येक मॅगझिनमधून ५० आणि एकूण सलग २०० फैरी एकदाही न अडकता गेल्या, तर जुन्या तक्रारीखाली रेघ मारा. १९० व्या फैरीला अडकलं तर मोजणी पुन्हा एकपासून.